सत्तावीस नंबर

रेडीच्या खाणीतला साहेब गाडी सोडून गेला
आणि गोदामाच्या पत्र्याखाली ती तीस पावसाळे उभी राहिली.
मस्टँग. सदुसष्टची. स्टिअरिंग डावीकडे.
मुबारक सोलकरांनी भंगाराच्या भावात उचलली,
ताडपत्रीत गुंडाळून ट्रकवरून देवगडात आणली
तेव्हा बंदरावर कोणीतरी विचारलं,
एवढा मोठा मासा, आणि वास कसा येत नाही?

पंचवीस वर्षं बहारीनच्या गोदीत क्रेन चालवलेला माणूस.
तिकडे एका सुट्टीच्या दिवशी, कुंपणाबाहेरून,
त्यांनी जुन्या शर्यतीच्या गाड्या पाहिल्या होत्या:
दारावर पांढरा गोल, गोलात आकडा,
बॉनेटला चामड्याचा पट्टा, शाळेच्या दप्तरासारखा.
एवढंच.

धाकू तारी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो.
पहिले चार महिने त्याने नुसतं काढलं.
बंपर काढले, मागची सीट, गालिचा, रेडिओ.
हीटर निघाला तेव्हा पोट धरून हसला:
"हेका हीटर? हय? कित्याक?"
होडी बांधताना आपण घालत जातो,
फटीत कापूस, कापसावर राळ, राळेवर तेल.
इथे उलटं.
जेवढं नाही तेवढं पळतं, म्हणाले मुबारकभाई.

मग गंज.
गंजाला आम्ही ओळखतो, तो आमच्याच आळीतला.
बूड कापून नवा पत्रा जोडला,
डोक्यावरचा पिंजरा वाकवला
ट्रॉलरचे कठडे वाकतात त्याच बेंडरवर.
पाट्यांना बाक दिला जामसंड्याच्या लोहाराने,
गाडी कसली ते न विचारता.
चार घशांचा कार्बोरेटर आला
भाच्याच्या बॅगेतून, खजुराच्या खोक्यात,
आणि आठवडाभर त्याला पेट्रोलबरोबर
खजुराचाही वास येत राहिला.

मी होड्यांवर नावं काढते.
ब्रश बाबांचे, हात आता माझा.
खिळा, सुतळी, पेन्सिल: दारावर गोल आखला,
नाळेवर डोळा आखतात तसा.
विचारलं, शर्यतीत गाड्या किती?
"एक."
मग एकच काढू?
"नको गं. एक काढलास तर लोक म्हणतील,
ह्याला दुसरं कोणी भेटलंच नाही.
सत्तावीस काढ."

आकडा इंग्रजीत हवा होता. ठरलं होतं.
पण ब्रश भरला की हात मला विचारत नाही.
दोनाची शेपटी ओढली, आणि सात
गळासारखा वळला, टोक आत,
तेव्हा कळलं मी काय केलं.
टर्पेंटाइनचा बोळा हातात घेऊन थांबले.
मुबारकभाई बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, दुसऱ्या दारावर पण असाच.

सड्यावर पहाटे नेली.
पवनचक्क्या संथ फिरत होत्या,
जांभ्याच्या रस्त्यावर मधोमध एक बैल बसलेला,
तो उठेपर्यंत आठ सिलिंडर थांबून गुरगुरले.
मग पाय दिला.
दाराखालच्या पाइपांतून जो आवाज निघाला
त्याने खालच्या खाडीतले बगळे उठले,
माझ्या दातांत काहीतरी हललं,
आणि मैलाचे दगड, जे मी लहानपणापासून
एकेक करून चालत मोजले होते,
ते मोजता येईनात.

वळणावर धाकूने हात वर केला.
उतरला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकलं, जसं तो दर्यावर ऐकतो.
"सात बोलतत. एक मुको आसा."
मुबारकभाईंनी हेल्मेट काढलं. घाम. हसू.
एवढं सातांवर?

परत आलो. शेडचं दार ओढताना
मी बोट फिरवलं पांढऱ्या गोलावरून.
रंग पुरता वाळलाही नव्हता,
आणि बोटाला मीठ लागलं.
धाकू खाली सरपटत गेला होता, फक्त पाय बाहेर,
आतून म्हणाला, पाना दे. तो न्हय. लहान.